माइक बंद असताना

जरेल मॅबरी कोर्टावरून उडून थेट आपल्या मांडीवर येऊन आदळेल, असं कोरीनला त्या सकाळी कोणी सांगितलं असतं, तर ती नुसती हसली असती. हसणं तिला परवडत असे. बोलणं नाही.

मार्चचा पहिला आठवडा. बाहेर अर्धवट वितळलेलं बर्फ, आत खच्चून भरलेल्या व्यायामशाळेत माणसांची ऊब आणि मक्याच्या लाह्यांचा वास. टेरिल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांचा घरच्या कोर्टावरचा हा बास्केटबॉलचा निरोपाचा सामना होता. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात या दिवशी प्रत्येक खेळाडू आईबापांचा हात धरून कोर्टाच्या मधोमध चालत येतो आणि आईला फुलं देतो. जरेलची आई व्हर्ना त्याच्या कोपरापर्यंतच पोचायची. फुलं घेताना ती रडली, मग तिने त्यालाच दटावलं, “सरळ उभा राहा, सगळं गाव बघतंय.”

सगळं गाव बघत होतं हे खरं. पण त्याहून जास्त, ऐकत होतं. कोरीनचे बाबा, वेंडेल प्रूइट, टेरिलच्या सामन्यांचं वर्णन रेडिओवर करायचे. कोर्टाच्या अगदी कडेला त्यांचं टेबल, आणि त्यांच्या डाव्या हाताला कोरीन. दहा जणांच्या झटापटीत चेंडू कुणी हिसकावला, फाउल कुणाच्या नावावर पडला, ते ती समोरच्या नावांच्या तक्त्यावर बोट ठेवून दाखवायची. माइक सतत चालू. म्हणून तोंड बंद. शाळेत असल्यापासून तिचं हे काम, आणि आता चोविसावं लागलं तरी तेच. टेरिलमध्ये तिचा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा होता. आवाज फारच थोड्यांच्या.

सामना संपत आला होता. एक चेंडू बाहेर चालला, जरेलने त्यावर झेप घेतली, चेंडू आत ढकलला आणि स्वतः मात्र टेबल ओलांडून आला तो सरळ तिच्या अंगावर. कॉफीचा पेला उलटला. खुर्ची मागे गेली. सहा फूट सहा इंचांचा तो घामाघूम देह तिच्या मांडीवर, आणि त्याचे डोळे तिच्या डोळ्यांपासून वीतभर...

“मंडळी,” बाबा शांतपणे रेडिओला सांगत होते, “जरेल मॅबरी आता माझ्या मुलीच्या मांडीवर विसावलाय. आणि माझी मुलगी... अजूनही गप्प आहे!”

जवळच्या बाकांवरची माणसं हसली. जरेल कुजबुजला, “काहीतरी बोल ना. लागलं का?”

कोरीनने बोट उचललं आणि कोर्टाकडे दाखवलं — जा.

सामना संपल्यावर तो टॉवेल घेऊन परत आला. टेबल पुसायला लागला, म्हणजे कॉफी जास्तच पसरवायला लागला.

“रागावलीस?”

तिने माइकवरच्या लाल दिव्याकडे बोट केलं. बाबांचं अजून चालू होतं.

“आणि तो विझल्यावर?”

तिने खांदे उडवले.

“मग मी थांबतो,” म्हणाला, आणि खरंच थांबला. लोक पाठीवर थापा मारून जात होते, पोरं फोटो काढत होती. हा आपला दिव्याकडे टक लावून उभा. शेवटी बाबांनी बटण दाबलं. लाल ठिपका गेला.

“हं. आता बोल.”

“तुझा घाम माझ्या कॉफीत पडतोय.”

तो इतक्या जोरात हसला की कोचने वळून पाहिलं. “चार वर्षं वाट बघायला लावलीस, बोटवाले... आणि पहिलं वाक्य हे?”

“तू कशाला बघत होतास माझी वाट?”

“वाट नाही, बोट. मी शॉट मारला की आधी तुझं बोट बघतो. चेंडू आत जायच्या आधीच ते माझ्या नावावर गेलेलं असतं. एकदाही चुकली नाहीस.”

कोरीनला कान तापल्यासारखे वाटले. बाबा पलीकडे वायर गुंडाळत होते. एकच वायर, बराच वेळ.

घरी जाताना नेहमीसारखे ते दोघं हमरस्त्यावरच्या खानावळीत थांबले. बाबांनी सायीची गोड पेस्ट्री मागवली, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी.

“बाबा, ड्राफ्टमध्ये त्याचं होईल का?”

“कुणाचं?” बाबांनी साळसूदपणे विचारलं.

“बाबा!”

“असं बघ. जूनमध्ये दोन दिवस बसतात, मोठे व्यावसायिक संघ साठ पोरं उचलतात, आणि रांगेत उभं असतं सगळं जग. हात सोन्याचे आहेत त्याचे. पाय मात्र कुणाकडून तरी उसने आणलेत. समोरचा चपळ असला की हा एक पाऊल मागे. अगदी शेवटच्या नावांत लागला तर लागला. नाहीतर फोनजवळ बसायचं. कुणी शिबिराला बोलावलं, तर तासाभरात पिशवी उचलून निघायचं. असेही पुष्कळ जण टिकतात.”

“रेडिओवर हे नाही सांगितलंस कधी.”

“खोटंही नाही सांगितलं. लोकांना हात सांगितले. पाय त्यांना दिसतातच की.” बाबांनी काट्याने शेवटचा तुकडा तिच्या बशीत सरकवला. “आणि तुझं काय?”

“माझं काय?”

“पोरी, सगळीकडे माइक नसतो. हे तुझ्या लक्षात येतं का कधी?”

ती हसली. बशीतला तुकडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गाडीपुढचं बर्फ काढायला बाहेर गेले. कोरीन कॉफी करत होती. फावड्याची खरखर ऐकू येत होती, मग थांबली. तिला वाटलं, शेजाऱ्याशी गप्पा मारत उभे राहिले असतील. बाबा आणि बोलणं... तिला शंकाच आली नाही. तिने दोन पेले भरले, आणि मग खिडकीतून पाहिलं.

*

बाबांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये सगळं गाव आलं. जो तो तिला बाबांच्या आवाजाबद्दल सांगत होता, आणि तिला हवी होती फक्त शांतता. जरेल आला तो आखूड बाह्यांचा कोट घालून. तिच्या शेजारी उभा राहिला. मग म्हणाला, “आई टीव्हीचा आवाज बंद करून तुझ्या बाबांना ऐकायची.”

“सगळेच तसं करतात.”

“हो, पण टीव्हीवरचं चित्र रेडिओच्या मागून येतं ना. म्हणजे माझी बास्केट तिला आधी ऐकू यायची, मग दिसायची. म्हणायची, आनंद आधी कानाने घ्यावा आणि मग निवांत डोळ्यांनी बघावा.”

त्या दिवसात कोरीन पहिल्यांदा रडली ती तेव्हा. त्याने आपला कोट तिच्या खांद्यांवर टाकला आणि तिला कोणी पाहू नये म्हणून भिंतीसारखा पुढे उभा राहिला. भिंत म्हणून तो उत्तमच होता.

त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा बर्फ पडलं. सकाळी फावड्याची खरखर ऐकून कोरीन अंथरुणात ताठ उठून बसली. खिडकीतून पाहिलं, तर जरेल. पार रस्त्यापर्यंत सगळं साफ करून त्याने फावडं होतं तिथे टेकवलं आणि दार न वाजवता निघून गेला. पुढच्या बर्फाला ती दोन पेले घेऊन बाहेर आली.

एप्रिल उजाडला. मोसम संपला होता, टेरिल हरलं होतं. तिने रेडिओ लावला नव्हता, की टेबलाजवळ फिरकली नव्हती. बाबांनी गॅरेजवर लावलेली जुनी बास्केट मात्र होती. जरेल रोज संध्याकाळी तिथे यायला लागला. कॉलेजचं एवढं मोठं कोर्ट सोडून हिच्या गॅरेजवर का, हे तिने विचारलं नाही. त्यानेही कारण तयार ठेवलं नव्हतं.

एकदा घाम पुसत तो म्हणाला, “तुझे बाबा माझ्याबद्दल काय म्हणायचे? रेडिओवरचं नको. गाडीतलं सांग.”

“वाईट वाटेल.”

“म्हणून तर विचारतोय. बाकी सगळे गोडच बोलतात.”

“हात सोन्याचे. पाय उसने.”

तो आधी हसला. मग आपल्या पायांकडे पाहत म्हणाला, “कुणाचे आणले कोण जाणे... परत तरी करायला हवेत.”

त्या दिवसापासून कोरीन चेंडू घेऊन पुढे जायची आणि त्याने तिचा रस्ता अडवायचा. ती बोट करायची डावीकडे आणि पळायची उजवीकडे.

“ही लबाडी आहे, बोटवाले! ते बोट कधी खोटं बोलत नव्हतं!”

“तुला बोट बघायचीच खोड आहे. कमरेकडे बघ माझ्या.”

“...नक्की?”

“मॅबरी!”

“तूच म्हणालीस!”

चेंडू केव्हाच घरंगळत गवतात गेलेला असायचा, आणि ते दोघं हसून दम लागलेले, एकमेकांपासून हातभर अंतरावर. अशा वेळी ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत यायचं. अगदी दातांना लागायचं... आणि ती ते गिळायची.

कारण टेरिलच्या शाळेने जरेलला सांगून ठेवलं होतं: पोरांना शिकवायला ये, जागा तुझीच. व्हर्नाला ते हवंच होतं. आणि एकदा, पायरीवर बसल्या बसल्या, तोही बोलून गेला होता, “इथे राहण्यासारखं काही असलं, तर मी राहीनही...” असं म्हणून तिच्याकडे पाहत राहिला होता. कोरीनने तेव्हा पायाखालच्या मुंग्या पाहिल्या. आपल्या एका वाक्याने याचे पाय अडकतील. एवढ्या मेहनतीने स्वतःचे केलेले पाय. नकोच ते.

मे महिन्यात तो शहराशहरांतून संघांपुढे खेळून आला. एका जागी कोणी म्हणालं, पाय बरेच सुधारले. दुसरीकडे म्हणाले, बघू. त्याचा एजंट बाबांचंच वाक्य निराळ्या शब्दांत म्हणाला: शेवटच्या नावांत, नाहीतर फोन.

*

ड्राफ्टच्या दुसऱ्या संध्याकाळी व्हर्नाने टीव्ही अंगणात काढला. जूनचा उजेड रेंगाळत होता, गवतावर काजवे नुकते लागले होते. शेजारी, चर्चमधल्या बायका, जुना कोच, सगळे घडीच्या खुर्च्यांवर बसलेले. व्हर्नाने सवयीने टीव्हीचा आवाज बंद केला. मग तिच्या लक्षात आलं. हात तसाच बटणावर राहिला. पण तिने आवाज पुन्हा वाढवला नाही. कोणी तसं म्हणालंही नाही.

मग एकामागून एक मुक्या पडद्यावर नावं येत गेली. कुणी फ्रान्सचा, कुणी टेक्सासचा. प्रत्येक नावाला जरेल टाळ्या वाजवत होता. त्याचा फोन समोरच्या स्टुलावर, थंड झालेल्या कोंबडीच्या ताटाशेजारी होता.

शेवटची पाच उरली. मग दोन. मग एक. ते नाव आलं. त्याचं नव्हतं.

एका बाईने रुमाल काढला आणि पुन्हा आत ठेवला. जरेल हसायचा प्रयत्न करत होता आणि ते हसू त्याला नीट बसत नव्हतं, त्या आखूड कोटासारखं.

“वेंडेल असता,” व्हर्ना हळूच म्हणाली, “तर काहीतरी बोलला असता.”

कोरीन उठली. आपण उठलोय हे तिला उभं राहिल्यावर कळलं.

“मंडळी,” ती म्हणाली. आवाज खरखरीत आला. तिने घसा साफ केला. “मंडळी, साठ नावं झाली. जरेल मॅबरीचं नाव त्यात नाही.”

सगळ्या माना वळल्या. जुना कोच खुर्चीत सरसावून बसला.

“हात सोन्याचे आहेत. ते सगळ्यांना माहीत आहे. पाय... पाय उसने होते. आता त्याचे स्वतःचे आहेत. हे मी जवळून पाहिलंय. माझा रस्ता त्याने रोज अडवलाय, आणि मी काही सोपी नाही.”

हसू उमटलं. व्हर्नाने डोळे पुसले. आणि तेवढ्यात स्टुलावरचा फोन थरथरायला लागला.

फोनवर एजंटचं नाव होतं. याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: कुणीतरी बोलावतंय. जरेलचा हात पुढे आला... आणि अर्ध्यावर थबकला. तो फोनकडे नव्हता बघत. तिच्या बोटाकडे बघत होता.

बोट उचलून फोनकडे करायचं, एवढंच तर काम. आयुष्यभर केलेलं. तिने हात पाठीमागे धरले.

“तू जाणार आहेस,” ती म्हणाली. “कुठेही बोलावलं तरी जाणार आहेस, आजच जाणार आहेस, आणि मी तुला अडवणार नाही. पण हे तू आधी ऐकायचंस. मग निवांत जाऊन जग बघ.”

फोन थरथरतच होता. ती बोलली ती बाबांच्या आवाजात नाही, तिच्या स्वतःच्या; पार पलीकडच्या अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

“माझं तुझ्यावर प्रेम आहे, जरेल मॅबरी. माइक बंद आहे. मी बोलतेय.”