न भिणारे मासे

"संयू, हात काढ! बगळा आलाय," शंभूराज ओरडला.

संयोगिताने डोहातून हात काढला, पण तोवर बगळ्याने शेजारचा मासा उचललाही होता. बाकीचे मासे जागचे हलले नाहीत. शेपटी फाटलेला तुटक्या तर अजून चुरमुरेच शोधत होता. उद्या याचा नंबर! तिने पाणी उडवून त्याला हुसकलं, तरी तो हलेना.

सुट्टीसाठी ती साताऱ्याहून मेढ्याजवळच्या आजोळी आली होती. शंभूराज तिचा मामेभाऊ. गेल्या वर्षी या देवाच्या डोहावर नुसती सावली पडली तरी मासे पसार व्हायचे. यंदा ते हातावरचं खात होते, म्हणून गाव खूश! "देवाची कृपा हाय," असं तिचे आजोबा, नाथाजी आबा, ज्याला त्याला सांगत सुटले होते. आजोबा पडले फौजेतले, त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप? संयोगिताला मात्र चैन पडेना.

"कृपा आसंल, तर वरच्या डबक्यावर बी आसंल की," शंभूराज म्हणाला.

दोघं ओढ्याने वर धावली. शंभूराजने डबक्यावर टोपी फिरवली, तसे मासे झटक्यात कपारीत. म्हणजे घोळ मधेच कुठेतरी होता. मधे निर्माल्य सोडायच्या पायऱ्या होत्या. काठीने ढवळल्यावर कुजक्या फुलांखालून एक कापडी पिशवी निघाली. तिच्यावर हळदकुंकू, आत विरघळत आलेल्या गोळ्या.

गावात औषधांचं दुकान एकच, नानासोकाकांचं. सरळ विचारलं तर काका हाकलून देणार. म्हणून शंभूराज साळसूद तोंड करून म्हणाला, "काका, तुमी म्हणं जुनी औषधं उकिरड्यावर टाकता?"

काका उसळले. "कोण म्हणतंय रं? उकिरड्यावर गुरं तोंड घालत्यात. आन् औषध म्हंजे देव. मी हळदकुंकू वाहून पाण्यात सोडतो."

"मग या कसल्या गोळ्या?" संयोगिताने ओली पिशवी पुढे केली.

"मन खचलेल्या माणसाला डॉक्टर देत्यात. उदासी जाती, भीती कमी हुती. चांगल्या हायत, मुदत टळली म्हणून..."

"माणसांना चांगल्या, काका. पण माशांचीही भीती गेली आणि बगळा त्यांना खातोय." तिला रडूच फुटलं.

काकांचा चेहरा उतरला. धोतर खोचून ते स्वतः पाण्यात उतरले आणि राहिलेल्या पिशव्या त्यांनी बाहेर काढल्या. जुनी औषधं यापुढे कंपनीकडे परत धाडायची, असं त्यांनी आबांसमोर कबूल केलं.

सुट्टी सरत आली, तेव्हा संयोगिता चुरमुरे घेऊन डोहावर गेली. तिची सावली पाण्यावर पडली मात्र, फाटकी शेपटी सळकन कपारीत शिरली! तुटक्या आता तिलाच भीत होता. तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

मागे आबा उभे होते. "भ्यालेला शिपाई सावध असतो, हे मी फौजेत शिकलो आन् हितं इसरलो," ते म्हणाले. "खरी कृपा ही, पोरी. तुमी दोघांनी केलेली."

संयोगिताने चुरमुरे लांबूनच पाण्यात टाकले आणि ती मागे सरली.