आवाज बंद केला त्या दुपारी

जवळ बसा, ताई. राणी आत्ताच झोपलीय, हळू बोलते.

त्या दुपारी मी नेहमीसारखी अफझलगंजला गेले होते, देवरावशेठच्या पाईपच्या दुकानात झाडलोट करायला. आमचे हे, बुद्धभूषण, तिथंच कॉम्प्युटर सांभाळायचे. ते तापात गेले, तेव्हा शेठनं मला कामावर घेतलं. दुकानामागं एक बारकी खोली. तिथं ह्यांनी बसवलेलं मोठं मशीन रात्रंदिवस घरघरायचं. गार हवा, बंद खिडकी, तापल्या वायरीचा वास. दुकानाला फोन लावला की ह्यांचाच आवाज यायचा. "नमस्कार, देवराव पाईप्स. तेलुगूसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, मराठीसाठी तीन."

राणी चार वर्षांची. तिला तेवढाच बाप ठाऊक. रोज माझ्या मोबाईलवरून फोन लावून तीन दाबायची. बाबा म्हणायचा, "लाईनवर राहा, ठेवू नका." ती राहायची.

त्या दिवशी कॉम्प्युटर कंपनीचा विवेक आला होता, दुकानाचं सगळं क्लाउडवर, म्हणजे कुठंतरी लांबच्या भाड्याच्या मशीनवर न्यायला.

"भाड्याच्या घरात देव्हारा मांडू का मी?" शेठ कुरकुरले. "आपलं मशीन आपल्या घरात बरं."

"कायकू जिद करताय, शेठ? एसीचं बिल, बॅटरी, बिघाड... सांभाळणारा बी आता नाही. महिन्याचं भाडं द्या, बेफिकीर झोपा."

सांभाळणारा नाही म्हटल्यावर शेठनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

मी विचारलं, "दादा, ह्यांचा आवाज बी नेला का तिकडं?"

विवेकनं मान खाजवली. "तेच कळेना, अम्मा. सगळं मशीन धुंडाळलं. त्या आवाजाची फाईलच नाही यात."

"मग फोनवर कोण बोलतंय?"

तो हसला नाही. त्यानं आवाज माझ्या मोबाईलमध्ये भरून घ्यायला बघितलं, तर नुसती घरघर आली.

"गीता, बटण तूच दाब," शेठ म्हणाले. "त्याच्या हातचं मशीन आहे."

दाबलं. घरघर हळूहळू खाली बसत गेली, माणसाचा श्वास बसतो तशी. आणि माझ्या तोंडून गेलं, "या हं."

सवय हो. आपल्यात निघणाऱ्याला 'जा' म्हणतात का कधी? पण मयताच्या घरून निघताना माणसं 'येतो' म्हणत नाहीत, ती उगीच नाही. सासूबाईंनी किती वेळा बजावलं होतं मला.

दुसऱ्या दिवसापासून फोनवर कुणा बाईचा आवाज. साफ, गोड. राणीनं तीन दाबून पाहिलं आणि मोबाईल फेकून दिला. जेवली नाही.

रविवारी दुपारी बरकतपुऱ्याच्या आमच्या खोलीत मी तांदूळ निवडत होते. राणी मोबाईल कानाला लावून खुदुखुदु हसत होती. पोर हसली म्हणून मला बरंच वाटलं. मग ती म्हणाली, "आई, बाबा बोलावतोय. जाऊ?"

मी फोन हिसकावला. काच काळी होती. चार्जिंग संपून तो सकाळीच बंद पडला होता.

"गीता..."

त्यांचाच. अगदी कानाशी.

"कुठं आहात हो?"

"कळत नाही... भाड्याची जागा आहे. लई मोठी. कुणाकुणाचं सामान... माणसं बी लई आहेत गं, पण कुणी कुणाला दिसत नाही..."

मला रडू फुटलं.

"राणीला पाठव ना... एकट्याला करमत नाही."

"मला न्या," मी म्हणाले. "तिला नको. मला न्या."

"तुझा फोन लागत नाही इथं... तीच लावायची रोज... ठेवू नको, गीता... ठेवू नको..."

मी मोबाईल पाण्याच्या बादलीत घातला. बुडबुडे थांबेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरला. एकदा तापानं नेलं होतं त्यांना. ह्या खेपेला मीच...

आता घरात फोन नाही. राणी मागत नाही, बाबाचं नाव काढत नाही. शेठ म्हणतात, पोर विसरली, सुटलीस.

काल संध्याकाळी मी गॅसपाशी पाठमोरी उभी होते. मागून राणीनं हाक मारली, "ए भिंगरे..."

हे नाव एकाच माणसाच्या तोंडी होतं. ते बी दार लावल्यावर, राणीच्या जन्माआधी.

मी वळले नाही. वळू नये, ओ देऊ नये, एवढं मला कळत होतं. पण ताई, माझ्या तोंडून 'ओ' गेली.