छाती फुगवून दिलेलं माप

प्रेम म्हणजे डोळे मिटून स्वतःला आकाशात झोकून देणं, असं थोर थोर लोक सांगून गेलेत. त्यांपैकी एकालाही झोकून देण्याआधी मांडीचं माप द्यावं लागलं नव्हतं.

तिच्याकडे मात्र ते प्रत्येकाला द्यावं लागे. छोट्या विमानतळाच्या कुंपणाला लागून तिच्या आईचं शिवणघर होतं. विमानातून उड्या मारणारी हौशी मंडळी पाठीवर पॅराशूटचं जे बाड बांधतात, त्याला रिग म्हणतात. आणि ते बाड अंगाशी धरून ठेवणारा पट्ट्यांचा सांगाडा म्हणजे हार्नेस. आई पॅराशूट ठेवायच्या पिशव्या शिवायची, लेक हार्नेस. आकाशातून पडणाऱ्या माणसाचा सगळा भार लेकीच्या टाक्यांवर असे, आणि त्याचा तिला रास्त अभिमान होता. तिचा एकही हार्नेस आजवर उसवायला परत आला नव्हता. ती स्वतः मात्र स्टुलावर चढली तरी भिंत धरायची.

त्या दिवशी ढग इतके खाली आले होते की उड्या बंद होत्या. झिमझिम लागली होती. दार ढकलून एक उंचसा, ओला माणूस आत आला, त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "एक चहा मिळेल?"

"चहाचं दुकान पलीकडे," ती म्हणाली. "इथे हार्नेस मिळतात."

"अरे... हो का..." तो दारातच घुटमळला. बाहेर पाऊस होता, आत ती होती. "मग एक हार्नेस द्या."

मशीनवरून मान वर न करता आई म्हणाली, "गिऱ्हाइकाला चहा आम्हीच देतो. बसा."

तो दातांचा डॉक्टर निघाला. सुट्टीच्या दिवशी उड्या मारायचा, त्याही क्लबच्या सामाईक रिगवर — म्हणजे जी सगळ्यांना होते आणि कोणालाच बसत नाही. स्वतःची घ्यायचं मनात होतंच, असं तो चहा पिता पिता म्हणाला. केव्हापासून, ते त्याने सांगितलं नाही. बहुधा साखर ढवळल्यापासून असावं.

तिने नमुन्याचे पट्टे टेबलावर मांडले.

"छातीचा पट्टा लांब की आखूड?"

"फरक काय?"

"लांब असला की पॅराशूट उघडल्यावर सैल सोडून पुढे झुकता येतं. जमिनीजवळ जोरात वळणं घेणारे घेतात."

"लांब," तो ताबडतोब म्हणाला.

"कमरेशी कड्या? अंग कसंही वळलं तरी हार्नेस सोबत वळतो. उलटेसुलटे उडणारे घेतात."

"उलटेसुलटे... हां. कड्या तर हव्यातच."

"मांड्यांना जाड गादी?"

"छे! गादी कसली? मी काय बसायला जातो वर?"

"राखीव पॅराशूटचं हँडल धातूचं, की उशीसारखं मऊ? मऊ दिसायला झोकदार. धातूचं पकडायला सोपं."

"झोकदार द्या."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "इतके धाडसी दिसत नाही तुम्ही."

"दिसण्यावर जाऊ नका," तो रुबाबात म्हणाला आणि त्याच्या कोपराने चहाचा कप आडवा झाला.

मग माप. "सरळ उभे राहा," ती म्हणाली. "नेहमीसारखे."

समोर टेप घेतलेली तरुण मुलगी असताना जगातला कोणताही पुरुष नेहमीसारखा उभा राहत नाही. याने पोट आत ओढलं, छाती बाहेर काढली, मान उंचावली. आता हा आरवतो की काय असं वाटावं. खांद्यापासून मांडीपर्यंतचं माप हे हार्नेसचं सर्वस्व. नेमकं तेच याने ताणून धरलं होतं. ते तिला दिसलं. असल्या फुगलेल्या लोकांना 'श्वास सोडा' म्हणणं हे तिचं रोजचंच काम होतं. पण जवळून त्याच्या शर्टाला लवंगेचा वास येत होता, रोखलेल्या श्वासाने त्याचे कान लाल झाले होते, आणि ती... काहीच बोलली नाही. माप घेतलं. पुन्हा एकदा घेतलं. दुसऱ्यांदा घ्यायची काही गरज नव्हती.

त्यानंतर तो येत राहिला. किनारीचा रंग निळा सांगितला होता तो राखाडी करायला आला, मग राखाडीचा पुन्हा निळा करायला आला. दर खेपेला त्याला चहा मिळे.

"तुमचा एखादा दात दुखतोय का?" एकदा त्याने आशेने विचारलं.

"नाही."

"अरेरे."

"तुम्हाला पट्टा कुठे टोचतोय का?"

"अजून मिळालाच कुठे?"

"म्हणजे दोघांचंही काम अडलंय," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवू लागली. सुईत दोरा आधीच होता.

"रंगाच्या नावाखाली हा आपली चहापत्ती संपवणार," आई तो गेल्यावर म्हणाली.

एरवी भराभर शिवणारी लेक आताशा बरोबर घातलेली शिवण उसवून पुन्हा घालत होती. कारण तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. चांगल्या हार्नेसचं लक्षण एकच — गिऱ्हाईक परत येत नाही. हा हार्नेस अंगाला बसला, की हा माणूस त्याच्या आकाशात जाणार आणि ती तिच्या स्टुलाशी राहणार.

तरी हार्नेस एके दिवशी पुरा झालाच. उसवायलाही काही मर्यादा असते.

शिवणघरात तुळईला एक टांगणी होती. गिऱ्हाइकाला नवा हार्नेस चढवून तिथे लटकवायचं, म्हणजे वर गेल्यावर काय होईल ते खालीच कळतं. तिने दोर ओढला. त्याचे पाय जमिनीवरून सुटले... आणि तो हार्नेसच्या आत खाली घसरला. छातीचा पट्टा हनुवटीपर्यंत आला, चष्मा कपाळावर गेला.

आईने येऊन पट्टा ओढून पाहिला, त्याला एकदा आपादमस्तक न्याहाळलं. "हार्नेस मापाला बरोबर आहे. माणूस कमी पडतोय." मग लेकीकडे वळून हळूच म्हणाली, "हे तुझ्या हातून चुकलं, की तू चुकवलंस गं?"

उत्तराची वाट न बघता ती चहाचं भांडं घेऊन आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने आत मशीन सुरू झालं.

"दोष माझा आहे," तो पट्ट्याआडून म्हणाला. "मी माप देताना... छाती फुगवली होती."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग तेव्हा बोलला का नाहीत?"

ती दोराची गाठ नीट करू लागली. गाठ नीटच होती. "तुम्ही छान दिसत होतात म्हणून."

"फुगलेला?"

"नाही. कान लाल झालेला."

ते कान पुन्हा लाल झाले. लटकलेल्या माणसाला लपवण्यासारखं फारसं काही राहत नाही. "मग सगळंच सांगतो," तो म्हणाला. "ती वळणं, ते उलटंसुलटं... तसलं काही मला येत नाही. उलटा मी एकदाच उडालो, तेही चुकून. विमानाचं दार उघडलं की मी सत्तावीसचा पाढा म्हणतो. पुढचं आठवेनासं झालं, की उडी मारतो."

"मग जाता कशाला?"

"दिवसभर लोकांना सांगत असतो, घाबरू नका. ते ऐकून घाबरलेल्या माणसाला काय वाटतं, हे मलाही कळायला नको?"

"काय वाटतं?"

"सांगणाऱ्याला चावावंसं वाटतं."

ती हसली, मग म्हणाली, "माझंही ऐका मग. मी मुद्दाम गप्प बसले. आधी कानांमुळे, पण नंतर... हार्नेस बसला असता तर तुम्ही आला नसतात."

टांगणी हळूहळू फिरत होती. त्याची पाठ तिच्याकडे झाली.

"मला खाली घ्या," तो भिंतीला उद्देशून म्हणाला. "हे असं पाठमोरं ऐकण्यासारखं नाहीये."

तिने दोर हळूहळू सैल सोडला. तो उतरला, पट्ट्यांतून बाहेर आला. ती टेप घेऊन समोर उभी राहिली, आणि पहिल्या दिवशी म्हणायला हवं होतं ते आज म्हणाली.

"श्वास सोडा."

त्याने सोडला. खांदे उतरले, लहानसं पोट निवांत बाहेर आलं, माणूस चांगला दोन बोटं आखूड झाला.

"हा असा आहे मी," तो म्हणाला. "चालेल?"

"शिवायला सोपा आहे." टेप खांद्यापासून खाली आली, मग छातीभोवती गेली. "पट्टा?"

"आखूड. कड्या नकोत. मांड्यांना जाड गादी, जितकी जाड असेल तितकी. आणि हँडल धातूचं, डोळे मिटून सापडेल असं. माझे मिटलेलेच असतात."

"आणि हा बसला तर?"

"तर मी येणार नाही असं वाटतं तुम्हाला?" तो अगदी हळू म्हणाला. "तुमच्याकडचा चहा मी कसा पितो, माहीत आहे? नुसता पाक असतो तो. दातांचं वाटोळं करणारा. सगळ्या जगाला मी तो पिऊ नका म्हणून सांगतो. आणि इथे येऊन दर खेपेला दोन कप पितो... आता याला काय म्हणायचं?"

आतलं मशीन थांबलं.

टेपचा वेढा त्याच्या छातीवर तिच्या बोटांत जुळला होता, उरलेली लांबलचक टेप खाली लोंबत होती, आकडा बघायचं भान कोणालाच नव्हतं. छाती मात्र फुगलेली नव्हती, नुसतीच धडधडत होती. लवंगेचा वास अगदी जवळ आला. तिने मान वर केली.

"एक सांगू?" ती कुजबुजली.

"सांगा ना..."

"पाय उचला जरा. माझ्या टेपवर उभे आहात."