बत्तीस बेरजेचं नाव

बारसं म्हणजे काही भीतीचं काम नव्हे. ल्यूकन या आयरिश गावातल्या त्या भाड्याच्या घरात सकाळपासून केतकी घुगऱ्या शिजवत होती आणि तिचा नवरा सारंग पाळण्याला फुगे बांधत होता. वीस सालचा लॉकडाऊन, येणार कोण? लेकीच्या कानात नाव सांगायला तिची आत्या स्वरांगी नागपूरहून व्हिडिओ कॉलवर येणार होती.

नाव सारंगनं काढलं होतं. पत्रिकेला हसणारा हा गडी घरी बसून भलत्याच नादाला लागला होता. हिब्रू, ग्रीक अक्षरांना जुन्या काळापासून आकडे होते, इंग्रजीला नव्हते. मग सत्तरच्या दशकात इंग्लंडातल्या काही गूढविद्यावाल्यांनी एका ग्रंथाचं कोडं सोडवायला ए, त्यापुढचं अकरावं एल, त्यापुढचं अकरावं डब्ल्यू, असा क्रम लावून एक-दोन-तीन आकडे दिले. सारंगनं त्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून 'अनघा' निवडलं. इंग्रजी अक्षरांची बेरीज बत्तीस.

"बेरीज सारखी, तर दोन्ही नावं एकाचीच, असं मानतात ते," तो म्हणाला.

"मग बत्तीस आणखी कुणाचं रे?"

"असेल कुणाचंही. इट्स ग्रँड, केतकी."

तिला मुळीच ग्रँड वाटलं नाही. आपली पोर कुणाच्या तरी वाटणीला जाते आहे, असं उगीच वाटत राहिलं.

भरदुपारी बाहेर अंधारून आलं. घुगऱ्यांच्या वासात ओल्या मातीचा वास कुठून मिसळला, कळेना. केतकीनं फोन बाळाच्या कानाशी धरला आणि स्वतःही वाकली.

"कुर्रर्र..." स्वरांगी म्हणाली. मग नुसती खरखर. मग अगदी जवळून, एका म्हाताऱ्या बाईचा दबका आवाज... "ऊना."

इथल्याच बायकांचं जुनं नाव. केतकीनं फोन झटकन दूर केला, तोच तो पुन्हा वाजला.

"अगं वहिनी, कॉल कट झाला! नाव सांगायचं राहिलंच माझं."

केतकी सारंगकडे वळली. "सारंग... तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये टाक. यू, एन, ए."

त्यानं टाकलं. खात्री करायला पुन्हा टाकलं.

"बत्तीस..."

बाळ किंचाळून रडायला लागलं. केतकीनं पोरीला उराशी घट्ट धरलं आणि तिच्या कानात पुन्हापुन्हा म्हणत राहिली, "अनघा... अनघा गं... माझी अनघा..." रडं थांबेना.

तेवढ्यात जिन्यावरून, वरच्या रिकाम्या खोलीच्या बाजूनं, कुणीतरी हलकेच ते दुसरं नाव घेतलं.

बाळ गप्प झालं. आईच्या छातीवरून मान वळवून त्यानं जिन्याकडे पाहिलं आणि ओ दिली.