गौरीच्या जेवणाला राणीसाहेब

सिडनीत लॉकडाऊन होता आणि कुणाला कुणाच्या उंबऱ्याआत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. स्कोफिल्ड्सच्या नीलिमाला मात्र वेगळीच चिंता. गौरी जेवायच्या दिवशी सवाष्ण आणायची कुठून? शेजारच्या श्यामलाने कुंपणापलीकडूनच हात जोडले.

"तुझ्या डबीत आहे की एक," नीलिमा नवऱ्याला म्हणाली.

सलिलने नाण्याची डबी छातीशी धरली. जर्मनी एक होण्याआधीच्या छोट्या छोट्या संस्थानांची चांदीची नाणी तो जमवायचा. त्यातलं जीव की प्राण नाणं एका राजाराणीच्या लग्नाच्या पन्नाशीचं. राजा पुढे, राणी त्याच्यामागून डोकावणारी. चांदीवरची जुनी काळसर झाक जाऊ नये म्हणून तो ते हातमोजे घालूनच धरायचा. कुंकवाचं बोट लागलं की नाण्याचं मातेरं! लांबून अक्षता टाकायच्या, एवढ्यावर त्याने तह केला. नीलिमाने मान डोलावली आणि त्याची पाठ वळताच राणीला ठसठशीत कुंकू लावलं.

भर दुपार. ब्लॅकटाउनहून आणलेलं केळीचं पान मांडलं, पाटावर नाणं ठेवलं. आरतीची घंटा थांबली, तसे बाहेरचे मॅगपाय पक्षीही गप्प झाले. घरात गारठा उतरला. विझलेल्या मेणबत्तीचा, ओल्या लोकरीचा वास आला. रेशीम सळसळलं... पाट करकरला... आणि पुरणपोळीचा तुकडा पानावरून अलगद उठला.

"सलिल..."

"हलू नकोस..."

"अरे, तूप संपलंय त्यांचं," असं कुजबुजत तिने वाढलंसुद्धा.

पान चाटूनपुसून स्वच्छ झालं. सलिलने नाणं पाहिलं, तर राजा एकटा! मागे नुसती गुळगुळीत चांदी. तो रडकुंडीला आला.

"ओटी भरल्याशिवाय सवाष्ण उठेल कशी?" नीलिमाने पाटावर खण, नारळ, तांदूळ ठेवले. बघता बघता खण दिसेनासा झाला आणि राणी नाण्यावर परतली. कपाळावर कुंकू, तेही चांदीतच उमटलेलं. पुसायला काही नव्हतंच. असं नाणं जगात दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणत सलिल चक्क फुगडी घालायला उठला.

"थांब," नीलिमा म्हणाली. "आता राजा कुठाय?"

स्वयंपाकघरात जड बूट वाजले. कटाच्या आमटीवरचं झाकण खणखणलं.

"त्यांना बोलावलंच नव्हतं ना आपण," ती हसत उठली आणि तिने तवा तापत ठेवला.

सलिलही हसत होता... तोवर आतल्या कपाटात बाकीच्या संस्थानिकांच्या डब्या एकेक करून उघडायला लागल्या. टक्... टक्...