संत्र्याच्या होडीतल्या सवती

हनीफला मी पहिल्यांदा पाहिलं ते शारजाच्या बाजारात, लांब केसांच्या चार बायकांचं चित्र छातीशी धरून आमच्या कापडदुकानात शिरताना. मी थक्क. गठ्ठ्याआडून म्हटलं, "लाज नाही वाटत? घरी आयाबहिणी नाहीत का?"

तो चित्राकडे बघत राहिला, मग माझ्याकडे... "हे पुरुष आहेत," म्हणाला. "अमेरिकेतले गाणारे."

पुरुष! माझ्या हातातली कापड मोजायची पट्टी खालीच पडली.

हनीफ आमच्याच रत्नागिरीकडचा, इंग्रजांच्या विमानतळावर कॅन्टीन सांभाळायचा. तिथल्या सोल्जरांकडून तबकड्या आणायचा, अब्बांच्या ग्रामोफोनवर लावायचा. त्या चौघांच्या ग्रुपचं नाव ऑरेंज फेरी. अर्थ विचारला तर म्हणे, संत्र्याची होडी. असलं नाव आमच्या गावात कोणी बकरीलाही ठेवणार नाही. पण सदुसष्ट साली जिकडेतिकडे तेच... सोल्जरांच्या कॅम्पात तेच, खाडीवरचे होडीवालेही तेच गुणगुणत. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तबकडी पालटताना तो माझ्याकडे चोरून बघायचा — ते मात्र कळत होतं.

त्याने मागणी घातली, अब्बांनी हो म्हटलं. मग रिवाजाप्रमाणे मी पडद्याआड. निकाहापर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. माझ्या जिभेला केवढी सजा!

अशाच एका दमट दुपारी पडद्यापलीकडून त्याचा आवाज आला, पार बसलेला. अब्बांना सांगत होता.

"खलास, चाचा. मोडलं. एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. आता काही जुळायचं नाही."

नवरीच्या कपड्यांचा जोडा शिवून आला होता, गावी सगळ्यांना कळलं होतं... काय चुकलं माझं?

पडदा सारून मी सरळ बाहेर.

"कोण तयार नाही? मी आहे तयार. मोडायचंच होतं तर — तर माझ्याकडे बघत कशाला होतात? मी दुसऱ्या कोणाची व्हायची नाही, सांगून ठेवते."

अब्बांच्या हातातली कात्री उघडीच राहिली. हनीफ पांढराफटक. हळूच त्याने ते चित्र वर धरलं.

"ह्यांचं... ह्यांचं मोडलं, शहरबानू. ग्रुप फुटला. रेडिओवर सांगितलं."

गठ्ठ्यांत शिरून बसावंसं वाटलं. पण माघार घेणारी मी नव्हे. ओढणी सारखी केली आणि म्हटलं, "बरं झालं. चार सवती होत्या, गेल्या."

हनीफचं हसू थांबेना. अब्बा खाकरले. काजींना शुक्रवारीच बोलावतो म्हणाले, नाहीतर ही पोरगी पुन्हा बाहेर येईल.

मी गुपचूप आत गेले, पडदा ओढला... आणि पडद्याआडून म्हटलं, "गुरुवारी."