थेंब कोणत्या घड्याळाने?

वीस दिवस दाब खाली, सोळा दिवस वर, पुन्हा वीस दिवस खाली! आमच्या आजोबांच्या डोळ्याचं हे कोडं कुणालाच सुटेना. त्यांच्या डोळ्यातलं दाबभिंग (डोळ्याचा दाब दिवसभर मोजणारं पातळ भिंग) आलेख पाठवायचं आणि डॉ. बागवान कपाळाला हात लावायच्या.

आम्ही लोणारच्या केंद्रातच राहतो आणि आजोबा तिथे बसून मंगळावरची गाडी चालवतात. त्यांना काचबिंदू झालाय. "नजर आणखी कमी झाली, तर गाडी सोडावी लागेल," असं डॉक्टरांनी बजावलं. आजोबा मात्र म्हणाले, "दुखत नाही, खुपत नाही. कसला आलाय आजार!"

"तोच तर त्याचा लबाडपणा!" डॉक्टर म्हणाल्या. "डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं (अश्रू नव्हेत हं!) आणि बारीक जाळीतून निघून जातं. मोरीची जाळी तुंबली की पाणी साचतं ना? तसा डोळ्यात दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू खराब होते. हा थेंब पाण्याला वाट करून देतो, पण एकच दिवस. म्हणून रोज रात्री नऊला टाकायचा."

"मी रोज नऊला ओरडतो," आमचा यंत्रमानव घड्या फुरंगटून म्हणाला.

"मग मी टाकतोच की!" आजोबा कडाडले.

मी पाळत ठेवायचं ठरवलं. मंगळवारी नऊला घड्या ओरडला, तेव्हा आजोबा नुकतेच आंघोळ करून कामाला बसले होते. "हो रे बाबा, गाडी दरीच्या काठावर आहे. आत्ता टाकतो!" ते म्हणाले. पण थेंब काही डोळ्यात पडला नाही.

आणि माझी ट्यूब पेटली! मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असतो. गाडी तिथल्या उजेडात चालते, म्हणून आजोबा जगतात मंगळाच्या घड्याळाने, त्यामुळे त्यांची झोप रोज चाळीस मिनिटं पुढे सरकते. आज नऊला झोपायची वेळ असेल, तर अठरा दिवसांनी त्याच नऊला ते ऐन कामात! छत्तीस-सदतीस दिवसांनी चक्र पूर्ण होतं. थेंब चुकायचे ते कामाच्या दिवसांत.

मी आलेख पुढे धरला. आजोबा ओशाळले. "खरंय गं ईश्वरी. तिकडचा एकेक दगड सांभाळला आणि स्वतःचा डोळा विसरलो."

"झोपण्याआधी दात घासायला विसरता का?"

"छे! जन्मात नाही."

"मग बाटली ब्रशशेजारी ठेवायची!"

डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन थेंबांमध्ये चोवीस तास चाळीस मिनिटं? या औषधाला चालेल. चुकवण्यापेक्षा लाख पटीनं बरं. पण मला न विचारता वेळ बदलायची नाही हं!" घड्यानेही आपला गजर मंगळाच्या वेळेवर लावला.

चार महिन्यांनी तपासणी झाली. "गेलेली नजर परत येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण त्यानंतर तसूभरही कमी झालेली नाही. खुशाल चालवा गाडी!"

आजोबांनी माझा चेहरा ओंजळीत धरला आणि नुसते बघत राहिले. "तू एक दिवस मंगळावर उतरशील ना," ते म्हणाले, "तेव्हा माझ्या गाडीच्या कॅमेऱ्याला हात कर. मी इथून बघत असेन, याच डोळ्यांनी."

मी चक्क रडले.